मैनेचे आठ नाल

कृष्णकांत सावे यांना एकूण सहा पाय होते. दोन स्वतःचे आणि चार मैनेचे. स्वतःच्या दोघांवर त्यांचा विश्वास नव्हता. सकाळी खाटेवरून उतरतानाच टाचा बोंब मारत, आणि संध्याकाळी उंबरठा ओलांडायलाही कुरकुर करत. मैनेचे चार मात्र खणखणीत होते. त्या चार पायांवर बसून ते बोईसरपासून मनोरपर्यंत पाड्यापाड्यावर देवीची लस टोचत फिरत आणि लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. खात्याच्या कागदावर ते डॉक्टर नव्हते, साधे सुपरवायझर होते. पण घोडीवर बसलेल्या माणसाला कुणी कागद विचारत नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

मैना त्यांना मिळाली ती गवताच्या एका वखारवाल्याकडून. स्वतःच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्याने घोडी कृष्णकांतांच्या हवाली केली होती. तिचं सगळं आयुष्य गवतातून, बांधावरून आणि मऊ गाडीवाटेवरून गेलेलं. पायाला नाल कधी लागला नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. तिचं चारापाणी बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा देवू बघायचा. देवूचं अर्धं वय सरलं तरी तो बोलायला शिकला नव्हता असं कृष्णकांतांच्या पत्नी मंदाबाई म्हणत, कारण तो त्यांच्याशी कधी बोलत नसे. मैनेशी बोले. रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्यामागे दोन बोटं टेकवून तो म्हणायचा, "पाय, बाय." की मैना पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवायची, नवरी बांगड्या भरायला हात पुढे करते तसा. देवू खुरात अडकलेले खडे काडीने काढायचा, वाढलेली कड कानशीने घासायचा आणि वर करंजाचं तेल चोळायचा. ओट्यावर चहा पीत कृष्णकांत हे रोज बघत. त्यात काही विद्या असेल अशी शंका त्यांना कधी आली नाही.

सगळं बिनसलं ते रस्त्यामुळे. सहासष्ट साली तारापूरकडे विजेच्या कारखान्याचं अवाढव्य बांधकाम चाललं होतं आणि बोईसरमध्ये दिवसरात्र ट्रक धावत होते. ट्रकांना रस्ता हवा, म्हणून मनोरकडच्या जुन्या गाडीवाटेवर खडी पडली. नुसती पडली. तिच्यावर रोलर फिरायचा होता, तो कुठेतरी बिघडून उभा होता, आणि त्याची वाट बघत खडी आपली चारी बाजूंनी दात विचकून पडून राहिली. माणसं वहाणा हातात घेऊन शेतातून जाऊ लागली. मैनाही पहिल्याच दिवशी रस्ता सोडून खाली उतरली. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

देवू म्हणाला, "साएब, खडीवर नको नेव तिला. कडंकडंनं ने. बाजूला मऊ वाट हाय. खुरं तिची चांगली हायत."

सल्ला फुकटचा होता, बरोबर होता आणि देवूचा होता. या तिसऱ्या कारणामुळे तो कृष्णकांतांच्या कानातून मेंदूपर्यंत पोचलाच नाही. शिवाय कडेने जायचं म्हणजे काय? सरकारी रस्ता मधोमध आणि सरकारी माणूस कडेच्या धुळीत? ट्रकच्या फाळक्यावर बसलेला कालपरवाचा क्लीनर वरून ओरडायचा, "ओ चाचा, बाजू!" घोडीवर बसलेल्या देवीडॉक्टरला चाचा! त्या हाकेने टाचेपेक्षा जास्त दुखे.

त्यात शेजारचे अण्णा. अण्णा रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून आरामखुर्चीत बसून शेजाऱ्यांना सिग्नल देत. एके संध्याकाळी ते म्हणाले, "सावे, तुमच्या घोडीचा आवाज येत नाही हो."

"कसला आवाज?"

"टापांचा! अंगणात येऊन उभी राहते तरी पत्ता नाही. देवीडॉक्टर आले की चोर आला, कळायचं कसं? देवळालीला लष्कराचे घोडे बघितलेत मी. कोसावरून कळायचं, साहेब येतोय! नाल नाही म्हणजे घोडी अनवाणीच की."

अनवाणी हा शब्द कृष्णकांतांना लागला. त्या रात्री त्यांनी मंदाबाईंना विचारलं, "आपली मैना येते ते तुला ऐकू येतं?" मंदाबाई म्हणाल्या, "तुमच्या खोकल्यावरून कळतं मला." ही काही समाधान होण्यासारखी गोष्ट नव्हती.

तरीसुद्धा त्यांनी नाल मारला नसता. आवाजासाठी एवढा उपद्व्याप करण्याइतके ते मूर्ख नव्हते, निदान एकट्याने तरी नव्हते. पण फेब्रुवारीत खात्याचं परिपत्रक आलं. जे कर्मचारी स्वतःचं जनावर वापरून सर्कल फिरतात त्यांनी ते जनावर सुस्थितीत असल्याचा, तसेच चारही पायांस नाल मारलेले असल्याचा दाखला एकतीस मार्चपर्यंत सादर करावा. अन्यथा सर्कल पायी फिरावे. 'पायी' या शब्दाखाली कोणीतरी लाल पेन्सिलने रेघ ओढली होती. कृष्णकांतांनी ती पाहिली आणि त्यांचा हात आपोआप टाचेकडे गेला.

ते पालघरला जाऊन कचेरीतल्या कारकुनाला भेटले. म्हणाले, "माझ्या घोडीचे पाय उत्तम आहेत."

"असतील की. नाल आहेत का?"

"नाल नाहीत. कधी लागलेच नाहीत, इतके उत्तम आहेत."

कारकुनाने फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. "तसा रकाना नाही," तो म्हणाला आणि पान लावायला घेतलं.

बोईसरला परत येईपर्यंत बातमी पुढे येऊन बसली होती. पलीकडच्या घरातल्या रखमाबाई दारातच उभ्या. "देवीडॉक्टर, घोडीला नाल मारताय ना? मंग जुना नाल पयला मला. चौकटीवर ठोकायचा हाय. सुनेला तीन वर्सं झाली, पाळणा नाय."

"अहो, जुना नालच नाही. ती कधी..."

"मंग नवा मारा आनी जुना होऊ द्या लवकर. मी थांबते."

आता नालबंद शोधणं आलं. स्टेशनासमोर टांगे होते तेव्हा एक जाणता नालबंद पिंपळाखाली बसायचा. टांगे गेले, पिंपळ राहिला. चौकशी करत कृष्णकांत बांधकामापर्यंत पोचले, फाटकावर पाऊण तास उभे राहिले, तेव्हा तो अंगभर सिमेंट माखून बाहेर आला. तो आता लोखंडी सळया वाकवत होता.

"साहब, घोड़े का काम छोड़ दिया," तो म्हणाला. "घोड़ा लात मारता है. सळई लात नहीं मारती." मग काही आठवल्यासारखं करून म्हणाला, "अप्रैल में छुट्टी मिलेगी, तब आऊँगा. तब तक किसी बैलवाले को हाथ मत लगाने देना. बैल का काम अलग, घोड़े का अलग."

एप्रिल म्हणजे एकतीस मार्चच्या पलीकडे. कृष्णकांतांनी हे अण्णांना सांगितलं आणि तिथेच चुकलं. अण्णा हसले. "धंद्यातली असूया, दुसरं काय! अहो, खूर तो खूर. मनोरच्या बाजारात गोमा आहे ना. पंचक्रोशीतल्या बैलांना पत्र्या तोच मारतो. मी आणतो त्याला."

आणि खरंच आणला. रविवारी सकाळी गोमा पिशवीत हातोडी, पक्कड, खिळे आणि दोरखंड घेऊन अंगणात हजर झाला. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याच्या एकेका पायाला दोन दोन पत्र्या लागतात, आणि बैल उभ्याने पाय देत नाही म्हणून त्याला दोरखंडाने पाडून चारी पाय बांधावे लागतात. गोमाने उभ्या जन्मात एवढंच केलं होतं आणि ते तो चोख करी. घोडी त्याने लांबूनच बघितली होती. मैनेभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "चार पाय हायत ना? मंग झालं."

तोपर्यंत अंगणाला जत्रेचं रूप आलं होतं. अण्णांची खुर्ची उचलून आणली होती. रखमाबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. कुणी म्हणे शेपूट धरा, कुणी म्हणे डोळ्यांवर टॉवेल टाका. गोमाने दोरखंड सोडायला घेतला तशी देवूने पुढे होऊन मैनेची मान धरली.

"साएब, ती उभ्यानं पाय देते. मी धरतू. पाडू नका तिला."

सगळे कृष्णकांतांकडे बघू लागले. अण्णा बघत होते, रखमाबाई बघत होत्या, गोमा दोरखंड हातात घेऊन बघत होता. देवूचं ऐकायला काय हरकत होती? काहीही नव्हती. दोन मिनिटांचं काम होतं. पण इतक्या माणसांसमोर, अण्णांनी आणलेल्या कारागिराला बाजूला सारून, आपल्या गड्याच्या शब्दाला मान द्यायचा! कृष्णकांत म्हणाले, "तू गप रे. तुला काय कळतं त्यातलं?"

देवूने मान सोडली आणि विहिरीपाशी जाऊन उभा राहिला. हे वाक्य पुढे कृष्णकांतांना फार वेळा आठवायचं होतं.

मैना पडली तो आवाज धप्प असा आला. सहा जण तिच्यावर बसले. तिने सुरुवातीला धडपड केली, मग एक डोळा वर करून ती नुसती बघत राहिली. गोमा कामाला लागला. त्याच्याजवळ बैलाच्याच पत्र्या होत्या, त्यामुळे त्याने अखंड खुराला शेजारी शेजारी दोन पत्र्या बसवल्या. चार पायांना आठ. खिळेही बैलाचेच. पुढच्या उजव्या पायाचा दुसरा खिळा आत गेला, तेव्हा मैना ओरडली. घोडी अशी ओरडते हे कृष्णकांतांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते म्हणाले, "अरे, हळू." गोमा म्हणाला, "बैल बी वरडतो." अण्णा म्हणाले, "पहिल्यांदा होतंच असं." मंदाबाई उठून आत गेल्या.

दोर सोडल्यावर मैना उठली. थरथरत फरशीवर दोन पावलं टाकली, आणि टक् टक् असा आवाज झाला. "वा!" अण्णा म्हणाले. "आता कसं, साहेबाची घोडी वाटते!" आणि सांगायला लाज वाटते, पण कृष्णकांतांना त्या क्षणी बरं वाटलं. ती ओरडल्याला पाच मिनिटं झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रस्त्याच्या मधोमध निघाले. खडीवर टापा वाजत होत्या. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघत होती. कृष्णकांत ताठ बसले होते. टक् टक् टक् टक्. बेटेगाव यायच्या आधीच त्या चार टक्‌मधला एक मागे पडू लागला. मग तो हलका झाला. मग वाजेनासाच झाला. मैना पुढचा उजवा पाय टेकतच नव्हती.

तिला परत अंगणात आणल्यावर देवूने पाय हातात घेतला आणि लगेच म्हणाला, "गरम हाय. खिळा जित्या खुरात गेलाय. आता काढूया, साएब. आता काढला तर वाचंल."

"दाखला मिळू दे. मग काढू," कृष्णकांत म्हणाले. "नाल काढले तर दाखला कुठून मिळणार?"

आता हिशेब बघा. घोडीचे पाय चांगले आहेत हे सिद्ध करायला पायांना नाल हवेत, नालांनी पाय बिघडला, आणि पाय बिघडला हे कळायच्या आत तो चांगला असल्याचा दाखला मिळवायचा. यात कुठे चुकतंय हे शाळेतल्या पोराने सांगितलं असतं. कृष्णकांत एकोणपन्नास वर्षांचे होते.

जनावर समक्ष दाखवायचं होतं, म्हणून ते मैनेला घेऊन पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात गेले. बसून जाणं शक्यच नव्हतं. पुढे कृष्णकांत लंगडत, मागे मैना लंगडत, आणि बाजूने देवू. वाटेत कुणीतरी विचारलं, "कोण कुणाला नेतंय?" डॉक्टर दौऱ्यावर होते. परवा या. परवा पुन्हा तीच वरात. डॉक्टर त्या दिवशी मीटिंगला गेले होते, पण कंपाउंडर दयाळू निघाला. "फॉर्म मी भरतो, साहेबांनी कोऱ्यावर सही करून ठेवलीय," असं म्हणून तो पेन घेऊन बाहेर आला आणि खाली वाकून मोजू लागला.

"एक, दोन, तीन... आठ. आठ कसे?"

"एकेका पायाला दोन."

"घोड्याला चार असतात. आठ बैलाला."

"अहो, पण समोर घोडी उभी आहे!"

"दिसतेय ना मला." कंपाउंडरचा आवाज दुखावला. "पण फॉर्मवर घोडा लिहिलं आणि नाल आठ लिहिले, तर वरून क्वेरी येईल. बैल लिहिलं की आठ बरोबर बसतात." पुढच्या रकान्यात 'शिंगे' होतं. त्याने मैनेच्या डोक्याकडे प्रामाणिकपणे बघितलं आणि लिहिलं, 'नाहीत.'

कृष्णकांत भांडले. नियम, अक्कल, देवाचं भय, सगळं काढून झालं. कंपाउंडर एवढंच म्हणाला, "साहेब आले की दुरुस्त करून घ्या. फॉर्म मात्र आजच्या टपालात जाणार, आज एकतीस तारीख." मैना तीन पायांवर उभी होती. चौथ्याच्या पत्र्यांमधून पिवळट पाणी गळत होतं.

बोईसरला पोचेपर्यंत ती दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा कृष्णकांतही तिच्या शेजारी खडीवर बसले. मघाचा सगळा राग कुठे गेला होता कोण जाणे. ते म्हणाले, "देवू, काढ रे बाबा. आठही काढ."

देवूने कमरेची पक्कड काढली. ती त्याच्याजवळ कधीपासून होती हे विचारायचा कृष्णकांतांना धीर झाला नाही. "पाय, बाय," तो म्हणाला. मैनेने बसल्याबसल्या पाय पुढे केला. तो खिळा निघाला तसा मागोमाग काळा पू आला.

"पाड्यावर नेतू हिला," देवू म्हणाला. "तिथं वढ्याचा चिखल हाय. तुमच्या आंगणात फरशी."

आठ पत्र्या रखमाबाईंनी जमवल्या. दोन चौकटीवर ठोकल्या, दोन अण्णांनी मागून घेतल्या, उरलेल्या आळीत वाटल्या गेल्या. कृष्णकांतांच्या चौकटीवर एकही नव्हती. तरी रखमाबाई जाता-येता सांगत, "तुमच्या घोडीचा गुन आला हो, सुनेला दिवस ऱ्हायले." कृष्णकांत मान हलवत. त्या बिचारीच्या पोराचा त्यांना राग यायला नको होता, पण येई.

जूनमध्ये खात्याचं उत्तर आलं. 'आपण सादर केलेल्या दाखल्यावरून सदर जनावर बैल असल्याचे दिसून येते. बैलावर बसून सर्कल फिरण्याची नियमात तरतूद नाही. तरी आपण पायी फिरावे.' कृष्णकांतांनी तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं की, बैल बदलून घोडा घेतला असल्यास तशा खरेदीचा पुरावा जोडावा. त्यानंतर त्यांनी अर्ज केला नाही.

ते पायी फिरू लागले. पाड्यांवर आता त्यांना देवीडॉक्टर कुणी म्हणेना. पोरं लांबून "सुईवाला आला" म्हणून पळत. खडी तशीच होती, रोलर अजून यायचाच होता. महिन्याभरात बुटांच्या टाचा झिजल्या. स्टेशनाबाहेरचा चांभार बूट हातात घेऊन म्हणाला, "साहेब, ही खडी चामडं खाते. टाचेला नाल मारून देतो, वर्षभर बघायला नको." कृष्णकांतांनी दुसराही बूट काढून त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "मार." संध्याकाळी ते आळीत शिरले तेव्हा अण्णांनी खुर्चीतूनच हाक दिली, "आता कसं, सावे! येताय ते कळतं!"

दिवाळी झाल्यावर मनोरच्या बाजारात त्यांना मैना दिसली. चिंचेच्या झाडाखाली ती चारी पायांवर सरळ उभी होती, अंगावर चकाकी आली होती. देवू तिच्या पाठीवरून गवताचे भारे उतरवत होता. कृष्णकांतांना इतका आनंद झाला की ते टाचा विसरून भराभर निघाले. बाजाराच्या फरसबंदीवर बुटांचे नाल वाजले. टक् टक्.

मैनेने कान टवकारले आणि ती मागे सरली. दोर ताणला गेला, चिंचेची फांदी हलली.

कृष्णकांत थांबले. मग तिथेच एका पाथरवटाच्या पाट्यावर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी पावलांनी तिच्याजवळ गेले. आता ती मागे सरली नाही. त्यांनी तिच्या गुडघ्यामागे दोन बोटं टेकवली. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

"पाय, बाय," ते म्हणाले.

मैनेने पाय उचलला. लगेच उचलला. आणि तो त्यांच्या हातात देऊन ती कानांपासून शेपटीपर्यंत थरथरत उभी राहिली. तिने पाय ओढून घेतला नाही. एकदा पाडलेलं जनावर होतं ते, परत पाडलं जाण्याआधी आपण होऊन देत होतं. कृष्णकांतांनी तो हळूच खाली टेकवला. त्यांना समोरचं काही दिसेना.

"अजून बुजते," देवू म्हणाला. त्याने दोर सोडून त्यांच्यापुढे धरला. "पाय बरा झाला. ने साएब, तुमची घोडी हाय. नाल तेवढा मारू नका."

"नको," कृष्णकांत म्हणाले. "सरकारात ती बैल आहे रे. तुझ्याकडेच घोडी राहू दे." त्यांना खरं तर दुसरंच काही बोलायचं होतं. अंगणात सगळ्यांसमोर जे बोलले होते, ते इथे बाजारात सगळ्यांसमोर परत घ्यायचं होतं. पण तेवढं काही तोंडातून निघालं नाही. देवूनेही त्याची वाट पाहिली नाही. तो भारे रचू लागला.

पुढचा पाडा दीड कोसावर होता. कृष्णकांतांनी बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते खांद्यावर टाकले, लसीची पेटी उचलली आणि रस्त्याच्या खाली उतरले. माती मऊ होती. मागून एक ट्रक आला, आणि फाळक्यावरचा क्लीनर सवयीने ओरडला, "ओ चाचा, बाजू!"

कृष्णकांत आधीच कडेकडेने चालले होते.